तांब्यातलं पाणी आणि दक्षिणेची खिडकी

या वेळचं पत्र पुण्यातल्या बावधनहून आलंय, सक्युलंटबद्दल, म्हणजे पानांत नि खोडात पाणी साठवणाऱ्या गुबगुबीत झाडांबद्दल. थोडी काटछाट करून देते.

“नमस्कार. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघायला गेलो होतो, येताना हौसेने आठ सक्युलंट आणली. हॉलच्या दक्षिणेच्या खिडकीत ओळीने मांडली. एप्रिलपर्यंत दृष्ट लागेल अशी होती. मेमध्ये काळ्या प्लास्टिकच्या पिटुकल्या कुंड्यांतून काढून चिनी मातीच्या सुंदर वाट्यांमध्ये लावली. जूनमध्ये सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. रोज पूजा झाली की तांब्यातलं उरलेलं पाणी त्या या झाडांना घालतात. ‘जित्या जिवाला तहानलेलं ठेवू नये’ म्हणतात. जुलैत गुलाबासारखी दिसणारी तिन्ही झाडं एकामागोमाग विरघळली, मग लाल टोपीचा निवडुंग गेला, मग मोत्यांची माळ. आता एक जेड, एक पट्ट्यापट्ट्यांचं झेब्रा आणि एक जांभळट झाड उरलंय, तेही वेड्यासारखं उंच वाढतंय. पूर्वेला एक ड्राय बाल्कनी आहे, पण तिथे वॉशिंग मशीन. सक्युलंट म्हणजे दुर्लक्ष केलं तरी जगणारी झाडं ना? मग माझीच का मेली? आणि सासूबाईंना न दुखावता पाणी कसं थांबवू?”

ताई, आठांतली पाच गेली हा काही फार वाईट निकाल नाही. पहिल्या वर्षी मी अकरापैकी अकरा घालवली होती, आणि दोष द्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

आधी सासूबाईंना आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढते. त्या आल्या जूनमध्ये. झाडांचं बिनसायला त्याआधीच सुरुवात झाली होती, आणि ती सूर्यापासून.

जानेवारीत तुमच्या हॉलमध्ये ऊन कुठवर यायचं आठवतंय? बहुधा सोफ्याच्या पायापर्यंत. पुणं साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत शिरतं आणि तासन्‌तास ठाण मांडतं. पुढे तो वर चढत जातो. मार्च-एप्रिलमध्ये खिडकीवरचा छज्जाच बरंचसं ऊन अडवतो. १३-१४ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. शाळेतली पोरं गच्चीत बाटली उभी करून बघतात तो शून्य सावलीचा दिवस. तिथपासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दिवसभर उत्तरेच्या अंगाने जातो. म्हणजे तब्बल अडीच महिने तुमच्या खिडकीला थेट ऊन शून्य. तुम्हाला ते जाणवलं नसणार, कारण मेमध्ये खोली लख्ख उजळलेली असते. आपल्या डोळ्यांना तो उजेड भरपूर वाटतो. पण झाडाचं पोट उन्हाने भरतं, आणि तुमची झाडं मेपासून उपाशी होती. जांभळट झाड उंच वाढतंय ना, ते वाढत नाहीये, ऊन शोधत मान लांब करतंय.

त्यात गुलाबासारखी ती झाडं म्हणजे एचेव्हेरिया. मूळ घर मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागात: दिवसा कडक ऊन, रात्री गार हवा. बहुतेक सक्युलंटचा एक हिशेब असतो. पानांवरची बारीक छिद्रं दिवसा मिटून घ्यायची, रात्री गारव्यात उघडायची, तेव्हा कर्बवायू आत घेऊन साठवायचा आणि दिवसा उन्हात तो वापरायचा. पाणी वाचवायची ही युक्ती. तुमची तुळस दिवसभरात जेवढं पाणी हवेत सोडते, त्याच्या पासंगालाही हे झाड पुरत नाही. मग वरून ओतलेलं पाणी जातं कुठे? मातीतून सुकून गेलं तर ठीक. पण पावसाळ्याच्या दमट हवेत वाळत घातलेला टॉवेल दोन दिवस सुकत नाही, तर माती कशाने सुकणार?

आणि इथे तुमच्या वाट्या येतात. पत्रात लिहिलेलं नाही, पण पैज लावते की त्यांना खाली भोक नाही.

हा गुन्हा मीही केलाय. माझ्याकडे काचेचा वाडगा होता. तळाशी रंगीत खड्यांचा थर, वर माती. जास्तीचं पाणी खड्यांत उतरेल अशी माझी समजूत. तसं होत नाही. माती पूर्ण भिजून चिंब झाल्याशिवाय पाणी खालच्या खड्यांत उतरतच नाही. उलट खड्यांनी तळ वर उचलल्यामुळे चिखल मुळांच्या आणखी जवळ येतो. पंधरा दिवसांनी वाडग्याला नासलेल्या कोबीचा वास यायला लागला, तेव्हा आत काय चाललंय ते कळलं. तुमच्या वाट्या प्रिय असतील तर टाइल्सना भोक पाडायचं बिट लावून ड्रिलवाल्याकडून एकेक भोक पाडून घ्या, पाणी सोडत सावकाश पाडलं तर तडा जात नाही. नाहीतर झाड साध्या कुंडीत लावा आणि कुंडी वाटीत नुसती ठेवा. माझं मत विचाराल तर कुंभारवाड्यातली चार इंची मातीची कुंडी या सगळ्यांहून सरस. ती अंगानेही पाणी सोडते.

सासूबाईंचा तांब्या आला तो त्यानंतर. ऊन गेलेलं, पाण्याला वाट नाही, वरून बावधनचा पाऊस, हडपसरपेक्षा तुमच्याकडे तो जास्तच. अशात रोजचे दोन घोट म्हणजे शेवटचा धक्का.

आता उरलेल्या तिघांचं बघू. हे वाचून झालं की आजच करा, रविवारची वाट बघू नका.

तिन्ही झाडं वाटीतून अलगद बाहेर काढा आणि मुळं बघा. पानांवरून निदान करायला जाल तर फसाल. पान पिवळट, पारदर्शक, हात लावताच गळणारं असेल तर पाणी जास्त झालंय, एवढं सोपं. पण पान सुरकुतलं असेल तर? तहानही असू शकते आणि नेमकं उलटंही: मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून चिखलात उभं राहूनही पान सुरकुततं. आपण म्हणतो बिचारं तहानलंय, आणि आणखी पाणी घालतो. म्हणून मुळं. पांढरी किंवा तपकिरी पण चिवट असतील तर उत्तम. काळपट असतील आणि चिमटीत धरून ओढल्यावर साल निसटून हातात येऊन आत नुसता दोरा उरला, तर ती गेली. कोऱ्या ब्लेडने कापून टाका. खोडही आतून तपकिरी दिसलं तर एकेक चकती कापत वर जा, काप स्वच्छ हिरवट-पांढरा दिसेपर्यंत. एक तपकिरी ठिपका जरी ठेवलात तरी कूज तिथून पुन्हा चढते. इथे दया करू नका.

मग झाड वर्तमानपत्रावर, सावलीत, पंख्याखाली, पाच-सहा दिवस तसंच आडवं. हो, उघड्या मुळांनी. जीव कासावीस होईल, पण त्याला काही होत नाही. कापलेल्या जागी कोरडी खपली धरते. ती धरली की कोरड्या मातीत खोचायचं, आणि आठवडाभर पाणी नाही.

मातीचं म्हणाल तर नर्सरीतला ‘पॉटिंग मिक्स’ या झाडांसाठी फार ओलसर. दोन भाग खडीची कच किंवा विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, एक भाग माती, एक भाग गांडूळखत. बावधनमध्ये बांधकाम चालू नसलेली गल्ली मला दाखवा. घमेलंभर कच विचारली तर कुणी नाही म्हणत नाही. फक्त ती चाळा, पीठ टाकून द्या, खडे ठेवा, पिठाने निचऱ्याची सगळी छिद्रं बुजतात. काळी माती चुकूनही नको. आणि मुळांभोवती नर्सरीतला कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गोळा असेल तर तो बोटांनी मोकळा करा. गोळ्यासकट लावलं तर बाहेरची माती सुकते, गोळा आतून भिजलेलाच राहतो.

झेब्राला तुमची दक्षिणेची खिडकी चालेल. हे हॉवर्थियाच्या गोतावळ्यातलं झाड, दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या सावलीत वाढणारं, त्यामुळे कमी उन्हात निभावतं.

जेडची एक गंमत आहे. त्याची पानं बघा. अंगठ्याच्या पेराएवढी, जाड, लांबट-गोल आहेत, की करंगळीच्या नखाएवढी गोल, आणि फांदी लालसर? दुसरं असेल तर ते जेड नव्हेच. आपल्याकडे ‘जेड’ म्हणून सर्रास विकलं जातं ते पोर्टुलाकेरिया, आफ्रिकेत हत्ती आवडीने खातात ते झुडूप. खरं जेड म्हणजे क्रासुला, वेगळ्या कुळातलं. नावाचं दुःख करू नका, हत्तीवालं जास्त दणकट आहे. भोक असलेल्या कुंडीत आणि चांगल्या उन्हात ते थोडं जास्त पाणीही पचवतं. हे झाड सासूबाईंच्या नावावर करा. रोज नाही, पण बाकीच्यांपेक्षा वरचेवर त्यांना पाणी घालता येईल.

जांभळट झाडाची मुळं तपासा, पण त्याचा शेंडा आत्ता कापू नका. लांबलेलं खोड परत आखूड होत नाही, त्याचा शेंडाच कापून नव्याने लावावा लागतो. पण पावसाळी हवेत काप सुकायच्या आधी बुरशी धरते. दसऱ्यापर्यंत थांबा. मग शेंडा तीन बोटं खोड ठेवून कापा, खपली धरू द्या, लावा. खालच्या दांड्याला नवे फुटवे येतात. मधली पानं काढताना ओढू नका, डावीकडे-उजवीकडे हलकेच डोलवा. देठाच्या तळापासून ‘टक्’ करून सुटलं पाहिजे, अर्धवट तुटलेल्या पानाला सहसा काही फुटत नाही. अशी पानं कोरड्या मातीवर नुसती पसरून ठेवायची. दोन-तीन आठवड्यांत टोकाशी गुलाबी केसासारखी मुळं दिसतात, मग तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा गेंद, आणि त्याला चार पानं येईपर्यंत मूळ पान मनुकेसारखं आकसत जातं. तेव्हा ते काढून टाकायची घाई करू नका, पिल्लू अजून त्याच्यावरच जगत असतं. ताटलीभर पानांतून पाच-सहा झाडं हाती लागली तरी तुमची गेलेली पाच भरून निघाली.

पाणी किती दिवसांनी, हा प्रश्न मला प्रत्येक पत्रात असतो आणि मी दिवस सांगायचं टाळते. ‘आठवड्यातून एकदा’ हे डिसेंबरात बरोबर आणि जुलैत जीवघेणं. त्यापेक्षा उदबत्ती जळून गेली की उरते ती काडी घ्या. कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा, आरती होईपर्यंत तशीच राहू द्या, मग काढा. काडी ओली दिसली किंवा तिला माती चिकटली तर आज पाणी नाही. कोरडी ठणठणीत आली तर घाला, आणि घालाल तेव्हा दोन घोट नको, खालच्या भोकातून निथळेपर्यंत घाला. बशीत साठलेलं ओतून टाका. स्प्रेच्या बाटलीने पानांवर तुषार उडवणं ही फोटोपुरती गोष्ट. मुळांना त्याने काही मिळत नाही आणि पानांच्या बेचक्यात पाणी साचून कुजायला निमित्त मिळतं.

माझ्याकडच्या काडीचा अनुभव असा: मृगापासून दसऱ्यापर्यंत ती तीन-तीन आठवडे ओलीच येते. ऑक्टोबरच्या उकाड्यापासून फेब्रुवारीपर्यंत आठ-दहा दिवसांनी कोरडी, आणि पुण्यात हाच यांचा खरा वाढीचा हंगाम. एप्रिल-मेमध्ये ती चारच दिवसांत कोरडी येते, पण तेव्हा मी लगेच घालत नाही. रात्री गरम असल्या की एचेव्हेरियासारखी झाडं मरगळून बसतात. दोन दिवस थांबते आणि सूर्य मावळल्यावर घालते. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर पानांवर आणि कुंडीच्या काठावर पांढरे डाग येतील. क्षारांचे असतात, घाबरू नका.

खत? दसऱ्यानंतर चिमूटभर, वर्षातून एकदा. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढा आणि ते झाड आठवडाभर इतरांपासून लांब ठेवा.

सासूबाईंशी बोलताना झाडांपासून सुरुवात करू नका, त्यांच्या गावापासून करा. बांधावर, कुंपणाला त्रिधारी निवडुंग नव्हता का? त्याला कधी कुणी तांब्याने पाणी घातलं होतं? (शास्त्रज्ञांच्या लेखी तो निवडुंगही नाही, युफोर्बिया आहे, पान मोडलं की पांढरा चीक येतो तो त्याचा, आणि तो डोळ्यात जाऊ देऊ नये. खरा निवडुंग म्हणायचा तो फड्या निवडुंग, आणि तो अमेरिकेतून आलेला. मराठीने दोघांना एकाच नावात बसवलं.) ही झाडं त्याच जातकुळीची आहेत एवढं म्हटलंत की त्यांना पटेल, ही त्यांच्याच अनुभवातली गोष्ट आहे.

पण नुसतं ‘घालू नका’ म्हणून भागणार नाही. पूजेनंतर ते पाणी कुठल्यातरी मुळाशी गेलं पाहिजे, ही त्यांची अनेक वर्षांची सवय असणार, आणि चांगली सवय आहे. ड्राय बाल्कनीत मोठ्या कुंडीत अळू लावा. पावसाळ्यात अळूला कितीही पाणी घाला, ते नाही म्हणत नाही. वर गणपतीत अळूचं फतफतं घरच्या पानांचं. आणि उदबत्तीच्या काडीची परीक्षा त्यांच्याकडेच सोपवा. ज्याच्या हातात तांब्या त्याच्याच हातात काडी असली की तुम्हाला रोज पहारा द्यावा लागणार नाही.

नवी झाडं आणायची तर दसऱ्यानंतर, आणि आठ नकोत, तीन. लाल टोपीवाला आणू नका; तो एका झाडावर दुसऱ्याचं कलम असतो. लाल भागात हरितद्रव्यच नाही, तो खालच्या हिरव्या खोडाच्या जिवावर जगतो आणि काही वर्षांत जातोच. तुमच्याकडे लवकर गेला इतकंच. मोत्यांच्या माळेचा नाद मी तीन पावसाळ्यांनंतर सोडला. रंग फासलेली, वर खोटी फुलं चिकटवलेली, माती दिसू नये म्हणून खडे गोंदाने बसवलेली झाडं तर बघायचीही नाहीत. झाड हलकेच हलवून बघा, डगमगलं तर ठेवून द्या. हिरव्या जाळीखालच्या गुबगुबीत झाडापेक्षा उघड्यावर थोडं रापलेलं बुटकं झाड घ्या.

आणलेलं झाड पहिल्याच दिवशी कडक उन्हात ठेवू नका, हेही माझ्याच अनुभवातून. घरात लाडाने वाढवलेली एक एचेव्हेरिया मी एकदा एप्रिलमध्ये थेट गच्चीत नेली. संध्याकाळपर्यंत पानांवर इस्त्रीचे चटके बसल्यासारखे डाग, आणि ते डाग पान गळेपर्यंत जात नाहीत. रोज तासभर वाढवत, दोन आठवड्यांत.

राहिली खिडकी. दर महिन्याच्या एक तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमारास हॉलच्या फरशीवर ऊन कुठवर आलंय तिथे खडूने रेघ मारा. सप्टेंबरच्या अखेरीस ते खिडकीच्या कट्ट्यावर दिसायला लागेल, डिसेंबरात सोफ्याजवळ जाईल, त्यानंतर हळूहळू परत मागे सरेल. रेघ कट्ट्याच्या बाहेर गेली की झेब्रा सोडून बाकीच्यांचा मुक्काम ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या वर एक फळी ठोकून. पूर्वेचं सकाळचं ऊन तिथे बारा महिने मिळेल आणि पश्चिमेची झड पोचणार नाही. मशीन झाकण वर उघडणारं असेल तर फळी दोन फूट उंच ठोका.